कापूस सोडा म्हणता, पण सातबारा कोणाचा आणि शेत वाहतं कोण?

पैनगंगाकाठ_वाकड

मोशीचं कृषी प्रदर्शन बघून आलेल्या एका सल्लागार साहेबांची पोस्ट पुण्यातल्या आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरून राहिली. वाचली नसेल तर थोडक्यात सांगतो. साहेब म्हणतात विदर्भ-मराठवाड्यातल्या लहान शेतकऱ्याला कापसाचं व्यसन आहे, सरकारने शेतजमीन भाड्याने द्यायचा कायदा मोकळा करावा, तुकडे जोडून शंभर-शंभर एकराचे गट पाडावे, हमीभाव हळूहळू काढून घ्यावा, की जमीन आपोआप योग्य पिकाकडे वळेल. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथे लिहिलं तर "भावनिक होऊ नका" म्हणून एका ओळीत वाटेला लावलं, म्हणून इथे लांबण लावतो.

व्यसन म्हणे. कोरडवाहू रानात पाऊस दडी मारतो तेव्हा सोयाबीन माना टाकतं, कापूस तग धरतो. सोयाबीन एकदाच निघतं आणि नेमकं काढणीला पाऊस आला की शेंगेतच कोंब, खेळ खलास. कापसाची पहिली वेचणी भिजली तरी दुसरी येते, तिसरी येते. भाव नसला तर घरात भरून ठेवता येतो (पोरांना अंगभर खाज सुटते तो भाग वेगळा). आणि तालुक्याला जिनिंग (कापसातली सरकी काढायचा कारखाना) आहे, पडेल भावाने का होईना पण घेणारा आहे. डाळिंब लावा सांगणाऱ्या साहेबांनी आमच्या तालुक्यात डाळिंबाचा एक व्यापारी दाखवावा.

आता सुधारणांबद्दल. १९७२ला एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारला विकायचा, पणन महासंघाच्या केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा, पैसे हप्त्याहप्त्याने, वरून भांडवल उभारणी निधी म्हणून तीन टक्के कपात. बाहेर भाव चढला की रात्री गाड्या पैनगंगा ओलांडून आदिलाबादला जायच्या आणि आपल्याच कापसाची तस्करी केली म्हणून आपल्याच माणसाला नाक्यावर धरायचे. पण तरी घेणारा ठरलेला होता, म्हणून लोक लावत होते. मग २००२च्या आसपास एकाधिकार मोडला आणि त्याच २००२च्या मार्चमध्ये बीटीला, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारं जनुक घातलेल्या बियाण्याला, परवानगी मिळाली. पुढच्या दहा वर्षांत राज्यातलं कापसाचं क्षेत्र २८-३० लाख हेक्टरवरून ४० लाखांवर गेलं. हे व्यसनाने झालं का? घरोघरची खरीप ज्वारी गेली, ज्वारी गेली म्हणून कडबा गेला, कडबा गेला म्हणून बैल गेले, बैल गेले म्हणून शेणखत गेलं, आता युरियाच्या दुकानापुढे उभे.

बँकेत जा. कापूस लिहिला की एकरी पीककर्ज ज्वारी-तुरीपेक्षा जास्त बसतं. सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, विकायचं तर ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरच्या पीकनोंदीत, कापूस दिसला पाहिजे. म्हणजे सगळी यंत्रणा कापूस लिही कापूस लिही म्हणते आणि लिहिला की मोशीचे साहेब म्हणतात व्यसनी.

---

निवृत्त_कृषी_नऱ्हे

साहेबांची भाषा चुकली असेल, मुद्दा चुकलेला नाही. मी नोकरी कृषी खात्यात केली आणि कापसाच्याच जिल्ह्यांत जास्त केली, त्यामुळे मला भावनिक म्हणू नका. १९७०-७१ला महाराष्ट्रात एका खातेदाराकडची जमीन सरासरी ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६च्या कृषी गणनेत १.३४. त्या सव्वातीन एकरात तुम्ही पेरणी यंत्र फिरवणार कुठे आणि वळवणार कुठे? कापूस सोडायचा तर पाणी लागतं, पाण्याला पैसा लागतो, पैशाला क्षेत्र लागतं. शेतकऱ्याने विकायची नसलेली जमीन निदान कायदेशीर भाड्याने तरी देता यावी यात राक्षसी काय आहे? नीती आयोगाचा नमुना कायदा २०१६चा आहे, टी. हक यांच्या समितीने केलेला, त्यात मालकाची मालकीही जात नाही आणि कसणाऱ्याला कर्ज-विमाही मिळतो. वाचून मग टीका करा.

आणि एकाधिकाराचे गोडवे गाऊ नका. आम्ही ते दिवस पाहिलेत. प्रतवारीत काय चालायचं ते या धाग्यावर लिहिलं तर लोकांना झोप लागणार नाही.

---

पैनगंगाकाठ_वाकड

गोडवे कुठे गायले? तस्करीचा परिच्छेद तुम्ही उडी मारून ओलांडला वाटतं.

---

मुळशीची_सून

मला कापसातलं कळत नाही पण तुकडे जोडा म्हणणाऱ्यांना हात जोडून विनंती, आधी आमच्याकडे या. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा. त्यानंतर सत्तर वर्षांत काय बंद झालं सांगा. आमच्या सासऱ्यांच्या भातखाचरांच्या शेजारी एकेक गुंठ्याचे प्लॉट पडले, कुंपण, कमान, आत एक नारळ आणि वर 'ग्रीन व्हॅली' नाव. आता शहरी भागात कायदाच सैल केला म्हणजे ज्याने नियम पाळून वाट बघितली तो मूर्ख आणि ज्याने नोटरीवर घेतलं तो शहाणा. तुमच्याकडे जमीन जोडायच्या गप्पा, आमच्याकडे चिरून विकायच्या, आणि दोन्हीला सुधारणाच म्हणतात.

---

रानडुक्कर_हटाव

ज्वारी का गेली याचं खरं कारण कुणीच लिहीत नाही. ज्वारी एकाधिकाराने गेली नाही आणि बीटीनेही गेली नाही, ज्वारी डुकरांनी आणि रोह्यांनी (नीलगायींनी) नेली. एकट्याने ज्वारी पेरून बघा. गावात सगळ्यांनी पेरली तर पाखरं आणि डुकरं वाटून घेतात, एकट्याने पेरली तर सगळ्यांचं जेवण तुमच्याकडे. मका तर विषयच नको. कपाशीला डुक्कर कमी लागतं म्हणून कपाशी आहे. वनखात्याची भरपाई मागायची तर पंचनामा, पंचनाम्याला माणूस यायचा तोवर जमीन पुन्हा नांगरायची वेळ. हा धोरणाचा प्रश्न नाही का? जमिनीचा वापर डुक्कर ठरवतंय आणि तुम्ही नीती आयोग वाचून राहिले!

---

डेटा_दाखवा

सगळे भावूक. साधा प्रश्न: हमीभाव असताना कापूस का सोडतील? लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ला क्विंटलला ८११० रुपये होता, त्याआधीच्या वर्षी ७५२१. सोयाबीनला तेव्हा ५३२८ हमीभाव आणि बाजारात त्याखाली विकलं गेलं. सरकारच कापसाला उचलून धरतंय आणि मग पीकबदल होत नाही म्हणून रडायचं. सल्लागार बरोबर बोलला, हमीभाव हा ठिगळ आहे, काढा.

---

रानडुक्कर_हटाव

आधी डुक्कर काढा.

---

पैनगंगाकाठ_वाकड

डेटावाले भाऊ, हमीभाव कागदावर ८११०. सीसीआयला ओलावा आठ टक्के पाहिजे, वर गेला की कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. यंदा दिवाळीपर्यंत पाऊस होता, त्या कापसात आठ टक्के कुठून आणू, इस्त्री करू? आणि केंद्र सुरू व्हायच्या आधी २०२५च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे बरोबर आमचा माल निघायच्या हंगामात. व्यापाऱ्याने सात हजाराच्या आसपास घेतला, काहींनी त्याहून खाली दिला. ज्याला दिवाळीची उधारी द्यायची त्याने खेड्यातच दिला. हमीभाव काढा म्हणता, तो मिळाला कुणाला ते तर आधी बघा.

---

चाकण_सेकंड_शिफ्ट

वाचत होतो गप. आता राहवत नाही म्हणून लिहितो.

पैनगंगाकाठ दादा, तुमचं लिहिणं लय भारी असतं, मागचे धागे पण वाचलेत. एकच विचारतो, राग मानू नका. तुम्ही वाकडला, तुमचं शेत तिकडं. शेत कोण करतंय? मागं एकदा तुम्हीच लिहिलं होतं की मक्त्याने दिलंय, म्हणजे सालाची रक्कम ठरवून दुसऱ्याला कसायला. मग धाग्याचं नाव 'शेत वाहतं कोण' आणि आत वाहणाऱ्याबद्दल, म्हणजे रान कसणाऱ्याबद्दल, एक ओळ नाही हे कसं काय.

माझा बाप सिंदखेडराजाकडं लोकाचं रान करतो. आमचं स्वतःचं दीड एकर, बाकी मक्त्याने. एकरी पंधरा हजार, तेही गुढीपाडव्याला रोख, पेरायच्या आधी. आता हिशोब घ्या, डेटावाल्यांनी पण घ्या. एकरी पाच क्विंटल कापूस चांगला झाला म्हणू. सात हजाराने पस्तीस हजार. पंधरा मालकाला. वेचणी किलोला बारा रुपये म्हणजे सहा हजार. राहिले चौदा. त्यात बियाण्याच्या पिशव्या नऊशे एक रुपयाने एक, खत, फवारणी, निंदण, नांगरट. मजुरी धरलीच नाही बापाची आणि आईची. तिकडं मालक इथं पुण्यात, त्याला पंधरा हजार बिनपावसाचे.

आणि पाऊस जास्त झाला सप्टेंबरला, रान वाहून गेलं, हेक्टरी साडेआठ हजाराचं अनुदान आलं. कुणाच्या खात्यावर? ज्याचा सातबारा त्याच्या. आमचा मालक औंधला राहतो. त्यानं मेसेज पाठवला, "पैसे आलेत, बघू." अजून बघतोय.

---

पैनगंगाकाठ_वाकड

माझ्यावर वैयक्तिक यायचं कारण नव्हतं. हो दिलंय मक्त्याने, सहा एकर, भावाच्या आणि माझ्या नावावर. मी मक्ता बाजारभावापेक्षा कमी घेतो आणि गेल्या साली नुकसान झालं तेव्हा अर्धा सोडला, विचारून या गावात. आई-बापाने ज्या रानावर शिकवलं ते विकू का? आणि स्वतः जाऊन कसू म्हटलं तर इथला हप्ता तुम्ही भरणार आहे का?

---

चाकण_सेकंड_शिफ्ट

विका कोण म्हणलं? तुम्ही कागद करून द्या एवढंच. द्याल? वर निवृत्त काका भाड्याचा कायदा म्हणले त्यावर तुम्ही एक शब्द लिहिला नाही. का ते मी सांगतो, तुम्हाला भीती आहे कुळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्याने हक्क बसेल.

---

निवृत्त_कृषी_नऱ्हे

इथे दोघांचीही थोडी दुरुस्ती. कुळकायदा म्हणजे सगळ्यांना पुण्याचा १९४८चा आणि १ एप्रिल १९५७चा कृषकदिन, म्हणजे कुळं मालक ठरली तो दिवस, आठवतो. मराठवाड्याला हैदराबादचा १९५०चा कायदा आहे, विदर्भाला वेगळा १९५८चा. तपशील वेगवेगळे आहेत, भीती मात्र सगळीकडे सारखीच उरली. कायद्याने ज्याला जमीन मिळाली त्याला मिळाली आणि ते चांगलंच झालं, माझ्या स्वतःच्या आजोळी मिळाली. पण नंतरच्या पिढीने धडा घेतला की कागद करायचाच नाही. सगळं तोंडी. आणि दरवर्षी माणूस बदलायचा, म्हणजे हक्कच तयार होत नाही. चाकणवाले म्हणतात त्यात तथ्य आहे आणि माझ्याच मुद्द्याला ते पूरक आहे हेही त्यांनी मान्य करावं.

---

चाकण_सेकंड_शिफ्ट

करतो मान्य काका, पण तुमच्या खात्याने कधी आमच्या बापाला शेतकरी मानलं का ते पण लिहा. ठिबकला सातबारा, सौर पंपाला सातबारा, फळबागेला सातबारा, शेततळ्याला सातबारा, फार्मर आयडीला सातबारा. मग रानात पिढ्यानपिढ्या खपून पण कागदावर तो शेतमजूर.

आणि साहेब म्हणतात फळबाग लावा. संत्रा चार-पाच वर्षांनी फळ देतो. पाडवा टू पाडवा रान ज्याच्याकडं, तो झाड लावील का? तो शेणखत टाकील का, त्याचा जोर पुढच्या सालच्या माणसाला जायचा? बांध घालील का? तो कापूसच लावणार आणि तो पण शेवटच्या बोंडापर्यंत ठेवणार. कृषीवाले दरसाल बोंबलतात फरदड (जुन्याच झाडांवरचा उशिराचा कापूस) घेऊ नका, बोंडअळी वाढते, डिसेंबरला पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) उपटा. बरोबर आहे त्यांचं, २०१७ला अळीनं काय केलं ते आम्ही पाहिलंय. पण पैसा पूर्ण वर्षाचा भरलाय, विहिरीचं पाणी मालकाच्या भावानं स्वतःकडं ठेवलंय म्हणजे हरभरा पण घेता येत नाही, मग रान पाडव्यापर्यंत मोकळं ठेवू का मार्चपर्यंत दोन क्विंटल ओढू? आता सांगा व्यसन कापसाचं का पाडव्याचं.

---

डेटा_दाखवा

हे किस्से झाले. किती टक्के जमीन तोंडी मक्त्याने आहे याचा आकडा कुणाकडे आहे का?

---

चाकण_सेकंड_शिफ्ट

तोंडी आहे म्हणून तर आकडा नाही राव. जे लिहायचंच नाही ते मोजणार कसं. पाच शेतं पाहा आमच्या शिवारात आणि विचारा कोण पेरतंय, मग सातबारा काढा.

---

डेटा_दाखवा

ठीक. हे एक चांगलं बोललात.

---

अनघा_संशोधक

थोडं बाहेरचं सांगते. उझबेकिस्तानात काही दशकं उलटं होतं. जमीन सरकारची, शेतकऱ्याला पट्ट्याने, आणि पट्ट्यात ठरलेलं की एवढ्या क्षेत्रावर कापूस लावायचाच आणि सरकारने ठरवलेल्या भावाने द्यायचा. कोटा पूर्ण नाही झाला तर जमीन जाण्याची भीती. २०२० मध्ये ही सरकारी मागणीची पद्धत अधिकृतपणे संपवली. लोकांना वाटलं आता शेतकरी मोकळा. पण मधल्या काळात क्लस्टर नावाच्या खाजगी कंपन्या उभ्या केल्या होत्या, बियाणं-खत-खरेदी सगळं त्यांच्याकडे, आणि बऱ्याच शेतकऱ्यांना दुसरा गिऱ्हाईकच राहिला नाही. म्हणजे सुधारणा केली तरी जमीन कुणाच्या सांगण्यावरून वापरायची हा प्रश्न जागेवरच. आपल्याकडे एकाधिकार गेला तेव्हा काय आलं ते याच नजरेने बघायला हवं असं मला वाटतं.

---

रानडुक्कर_हटाव

उझबेकिस्तानात रानडुक्कर मारायला परवानगी आहे का ते शोधून सांगा, खरंच विचारतोय.

---

मुळशीची_सून

मला एक कळत नाही, कापसाचा धागा होता आणि सगळे पुण्यातले मालक अंग चोरून बसलेत. मी सांगते, माझ्या माहेरची जमीन नगरकडे आहे, भाऊ वाट्याने देतो, आणि मीही कधी विचारलं नाही की वाटेकऱ्याला विम्यात काय मिळालं. एक रुपयात पीकविमा होता ना २०२३ पासून, तेव्हा तर वाटेकऱ्याच्या नावावर काढता आला असता.

---

चाकण_सेकंड_शिफ्ट

ताई काढता आला असता पण त्याला मालकाचं संमतीपत्र लागतं, आणि मालक म्हणतो पुरावा तयार होतो. आणि एक रुपयाच्या विम्यात दुसऱ्याच्याच जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, नसलेल्या पिकावर विमे काढले भामट्यांनी, म्हणून २०२५ला ती योजनाच बंद. २०२५च्या खरिपाला कापसाला पाच टक्के हप्ता आपण भरायचा आणि भरपाई फक्त कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याच्या शेतातलं पीक कापून, तोलून. चोरी करणारे वेगळे, शिक्षा रान करणाऱ्याला.

---

पैनगंगाकाठ_वाकड

मी रात्रभर चिडलो होतो, आता सरळ लिहितो.

कागद करायला माझी ना नाही. पण मला एकट्याला सांगून काय होणार? आंध्रात २०११ला परवानाधारक कसणाऱ्यांचा कायदा झाला, कार्डं वाटायची होती. मालकांनी बोंब मारली, मग २०१९ला नवा कायदा, त्यात अकरा महिन्यांचं कार्ड पण मालकाची सही पाहिजे. सही पाहिजे म्हटल्यावर अडलं घोडं तिथेच. आणि पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणात २०१८ला रयतू बंधू आली, एकरी पैसे थेट खात्यात, सगळ्या देशाने कौतुक केलं. पैसे पट्टेदार मालकाला, कौलदाराला (मक्त्याने कसणाऱ्याला) एक दमडी नाही. म्हणजे कायदा केला की मालक सही देत नाही, आणि योजना केली की ती मालकाकडे जाते. हे मी माझ्या विरोधात जाणारं लिहून राहिलो हे लक्षात घ्या.

पण सल्लागार साहेबांचा मोकळा कायदा म्हणजे काय तेही बघा. मोकळा केला तर ही जमीन चाकणवाल्याच्या बापाला मिळणार का? तो एकरी पंधरा देतो, कंपनी पंचवीस देईल, शंभर एकराचा गट पाडेल, ट्रॅक्टर फिरवेल, आणि बाप त्याच रानात रोजाने जाईल. त्याला तर पाडव्याचाही आधार राहणार नाही. ते चालेल का तुम्हाला?

---

चाकण_सेकंड_शिफ्ट

नाही चालणार. हे बरोबर बोललात. पण कंपनी येईल म्हणून आम्हाला कागद नको हे कसं काय, ते म्हणजे तुम्ही दोन्हीकडून सुटले.

---

निवृत्त_कृषी_नऱ्हे

कायद्यात लहान कसणाऱ्याला प्राधान्य, क्षेत्राची मर्यादा वगैरे घालता येतं. कमाल जमीन धारणेत कोरडवाहूला ५४ एकराची मर्यादा मालकीला आहेच ना, भाड्याच्या क्षेत्रालाही घाला. अशक्य काही नाही.

---

पैनगंगाकाठ_वाकड

काका, सीलिंगमध्ये लोकांनी बैलांच्या आणि कुत्र्यांच्या नावावर जमिनी केल्या असं आमच्याकडे म्हणतात. मर्यादा कागदावर फार छान दिसते.

---

निवृत्त_कृषी_नऱ्हे

असं म्हणून मग काहीच करायचं नाही. ठीक. चालू द्या.

---

अकोट_एचटीबीटी

बियाण्याबद्दल कुणी बोललंच नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत म्हणून लोक चोर बीटी, म्हणजे तणनाशक मारलं तरी टिकणारं पण परवानगी नसलेलं बियाणं, लावतात, २०१९ला आमच्या अकोटकडे उघड उघड लावून सत्याग्रह झाला. सरकारने तंत्रज्ञान अडवून ठेवलंय, बाकी सातबारा-बितबारा दुय्यम. सव्वातीन एकरवाल्याला मजूर परवडत नाही हे एकच सत्य.

---

मुळशीची_सून

"बाया मिळत नाहीत" म्हणजे दिलेल्या पैशात मिळत नाहीत. सातबाऱ्यावर नाव नाही, मक्त्याच्या बोलणीत नाव नाही, वेचणीत मात्र सगळ्या त्याच. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीत बायकांच्या नावावर जमिनी करा म्हटलं होतं, ते चाकणजवळच्या आंबेठाणला राहून. त्यातलं काय उरलं यावर एखादा धागा काढा की कुणीतरी.

---

अकोट_एचटीबीटी

विषय बियाण्याचा होता ताई.

---

मुळशीची_सून

विषय तुम्ही आत्ता आणलात दादा.

---

पैनगंगाकाठ_वाकड

चाकणवाले, एक खरं सांगतो. यंदा सीसीआयच्या कपास किसान ॲपवर नोंदणी होती, सीसीआयचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यावरच येतात. माझ्या रानातला कापूस माझ्या नावावर गेला, माल मक्तेदाराचा. पैसे आले तसे त्याला फिरवले, एक रुपया ठेवला नाही. पण ओटीपी माझ्या मोबाईलवर आणि मी मीटिंगमध्ये, तो बिचारा केंद्रावर गाडी घेऊन उभा, तीनदा फोन केला त्याने. तेव्हा मलाच कसंतरी वाटलं की माल याचा, गाडी याची आणि किल्ली माझ्याकडे. म्हणून सांगतो, ई-पीक पाहणीत मालकासोबत कसणाऱ्याचं नाव फक्त त्या हंगामापुरतं यावं, सहीशिवाय, गावातल्या चार लोकांच्या साक्षीने, आणि त्यावरून मालकीचा कसलाही हक्क लागणार नाही असं कायद्यातच लिहावं. कर्ज, विमा, अनुदान, सीसीआय सगळं त्या नावावर. त्यानंतर कापूस सोडायचा की ठेवायचा ते तो ठरवेल, साहेबांनी नाही आणि मीही नाही.

---

डेटा_दाखवा

कर्ज बुडलं तर बँक कुणाला धरणार? मालकाला तर नाही आणि कसणाऱ्याकडे तारण नाही. बँक देणारच नाही.

---

चाकण_सेकंड_शिफ्ट

आत्ता सावकार देतो ना बिनतारणाचं, महिना तीन टक्क्यानं. बँकेला जमत नाही तर अनुदान आणि विमा तरी द्या, त्याला कुठं तारण लागतं.

आणि दादा, तुमचं बोलणं पटलं, अर्धं. या पाडव्याला तुमच्या मक्तेदाराला असलं काही साध्या कागदावर का होईना लिहून देणार का? अनुदान आलं तर त्याचं, एवढं तरी.

---

पैनगंगाकाठ_वाकड

भावाला विचारावं लागेल. तो सही करेल असं मला वाटत नाही, खोटं कशाला बोलू.

---

चाकण_सेकंड_शिफ्ट

मग ओटीपी तरी लवकर देत जा.